हातात पाटी दुसऱ्या देशाची

मंडळी, तुमची नववी-दहावीतली मुलगी शाळेतून येऊन म्हणाली, "मॉडेल यूएनमध्ये मला अमुक देश मिळाला," तर तुम्ही आधी काय विचाराल? मी विचारलं होतं, "भारत का नाही मागितलास?" कारण आमच्या लेकीला मिळाला होता पाकिस्तान, आणि विषय होता दोन देशांतून वाहणाऱ्या नद्यांचं पाणी.

"बाबा, हवा तो देश मिळतोच असं नाही. वाट्याला येईल तो घ्यायचा."

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मॉडेल यूएन म्हणजे विद्यार्थ्यांनी भरवलेली संयुक्त राष्ट्रांची सभा. प्रत्येक जण एका देशाचा प्रतिनिधी, समोर त्या देशाच्या नावाची पाटी. आधी वाचन करून देशाची भूमिका सांगणारा पोझिशन पेपर लिहायचा. सभेत हजेरी होते. तेव्हा ‘प्रेझेंट अँड व्होटिंग’ म्हटलंत, तर ठरावावर तटस्थ राहता येत नाही. मग एकेकाचं भाषण, बहुधा मिनिट-दीड मिनिटाचं. ‘मला वाटतं’ म्हणायचं नाही. बोलायचं ते देशाच्या वतीने. ‘मॉडरेटेड कॉकस’मध्ये अध्यक्ष नाव पुकारतील तसं एकाच मुद्द्यावर बोलायचं. ‘अनमॉडरेटेड’मध्ये मात्र सगळे खुर्च्या सोडून उठतात, घोळके करतात आणि ठरावाचा मसुदा लिहितात. शेवटी दुरुस्त्या आणि मतदान.

आपली पिढी वक्तृत्व स्पर्धांत वाढली. टाळ्या पडल्या की जिंकलो! इथे नुसत्या टाळ्यांनी ठराव मंजूर होत नाही, मतं लागतात. ती मिळतात त्या घोळक्यात, समोरच्याला कुठलं वाक्य मान्य होईल हे शोधताना. एकेका शब्दाला किंमत असते. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्या कलमात ‘ऑल मेन’ असे शब्द होते. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरला आणि १९४८ साली मंजूर झालेल्या जाहीरनाम्यात ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ आलं.

तर, जेवणाच्या टेबलावर आमची तालीम सुरू झाली. ती पाकिस्तान, मी भारत. मी आवाज चढवूनच सुरुवात केली. तिने शांतपणे विचारलं, "१९६० च्या सिंधू पाणी कराराप्रमाणे कुठल्या नद्या कोणाच्या?" मला सांगता येईना! रावी, बियास, सतलज भारताच्या. सिंधू, झेलम, चिनाब यांचं पाणी मुख्यतः पाकिस्तानला, हे तिनेच सांगितलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये भारताने हा करार स्थगित ठेवला, तेव्हा मी व्हॉट्सअॅपवर तावातावाने लिहीत होतो. करार मात्र कधी वाचला नव्हता.

त्या रात्री वाचला. माझं मत बदललं नाही, पण ते कशावर उभं आहे हे पहिल्यांदा कळलं. लेकीचंही मत पाकिस्तानचं झालं नाही. समोरच्याचं म्हणणं नीट मांडता येणं म्हणजे त्याला सामील होणं नव्हे, हे ती माझ्या आधी शिकली.

या खेळात खोट नाही असं नाही. कॉलेजच्या अर्जात एक ओळ वाढावी म्हणून जाणारी मुलं आहेत, आणि मुलांचे पोझिशन पेपर स्वतः लिहिणारे आईबापही. पालकांनो, तेवढं टाळा. मूल घरी आलं की "बक्षीस मिळालं का?" एवढंच विचारू नका. "तू कोणाला पटवलंस? तुला कोणी पटवलं?" असं विचारा.

आणि तरुण दोस्तांनो, हीच विद्या घरीही वापरा. आपल्या घरांत वाद कमी नाहीत: कुठला विषय घ्यायचा, कोणाशी लग्न करायचं, भारतातल्या आजीला कोणी सांभाळायचं. आम्ही म्हणतो, "तुला काय कळतंय!" तुम्ही म्हणता, "तुम्हाला नाही समजणार," आणि खोलीचं दार लागतं. पुढच्या वेळी दार लावण्याआधी दोन मिनिटं आमची पाटी हातात घ्या आणि आमची बाजू आमच्यापेक्षा चांगली मांडून दाखवा. मग तुमची पाटी आम्ही घेऊ. पहिल्यांदा अडखळू, तेवढं सांभाळून घ्या.