सकाळी सकाळी गाडी का रुसते?

डिसेंबरची सकाळ, पुण्यात पारा १० च्या आसपास. गाडी एका सेल्फमध्ये चालू होते, तुम्ही खूश! सोसायटीच्या गेटमधून मेन रोडला वळता, मागून कंपनीची बस येतेय, म्हणून अ‍ॅक्सिलरेटर दाबता... आणि गाडी ढिम्म. एक सेकंद, दीड सेकंद. मग हिसका देऊन एकदम पळते. बाणेरहून औंधला पोचेस्तोवर सगळं नॉर्मल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच सीन.

‘थंडीत होतं असं’ हे बहुतेकांचं उत्तर. चोक ओढून चालू होणाऱ्या पद्मिनीच्या जमान्यात ते खरंही होतं. पण इंजेक्शनवाली गाडी धडधाकट असेल, तर १० डिग्रीत तिनं अडखळायचं काहीच कारण नाही. आणि सर्व्हिस रोडवरून हायवेला घुसताना मागे ट्रक असेल ना बॉस, तर तो दीड सेकंद जाम महागात पडू शकतो.

यातला खरा झोल असा की हा आजार डॉक्टरला कधी दिसतच नाही. गॅरेजला पोचेपर्यंत इंजिन गरम आणि तक्रार गायब. माझ्या एका मैत्रिणीच्या बाबतीत हेच झालं. हिंजवडीतली आयटीवाली, सेकंड-हँड हॅचबॅक. मेकॅनिकनं एक राउंड मारली आणि म्हणाला, ‘मॅडम, गाडी एकदम ओके आहे.’ दुसऱ्या खेपेला त्यानं अंदाजानं फ्युएल पंप बदलला. बिल सणसणीत, आणि सकाळी गाडी पुन्हा ढिम्म! शेवटी दोष निघाला एका बोटाएवढ्या सेन्सरमध्ये.

या सेन्सरचं नाव कूलंट टेम्परेचर सेन्सर. थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून गार इंजिनाला नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल लागतं. किती जास्त, हे गाडीचा कॉम्प्युटर मुख्यतः याच सेन्सरला विचारून ठरवतो. सेन्सरनं १० डिग्रीला ४० सांगितलं, की कॉम्प्युटर पेट्रोलचा हात आखडता घेतो आणि गाडी उपाशीपोटी धावायला लागते. थोड्या वेळानं सायलेन्सरच्या बाजूचा ऑक्सिजन सेन्सर तापतो, मिश्रण बिघडलंय हे कॉम्प्युटरला कळतं आणि तो ते दुरुस्त करतो. औंधला सगळं नॉर्मल होण्यामागचा फंडा हा. आणि सेन्सर खोटं बोलत असला तरी आकडा ‘शक्य’ वाटतोय तोवर चेक इंजिनचा दिवा लागेलच असं नाही.

हे पकडायची ट्रिक सोपी आहे. रात्रभर उभी असलेली गाडी, सकाळी इग्निशन ऑन, पण सेल्फ मारायचा नाही. स्कॅनरवर कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघायचं. दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत, आणि बाहेरच्या हवेशी जुळणारे. कूलंटचा आकडा भलताच वर असेल, तर चोर सापडला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा ब्लूटूथ स्कॅनर आता एका वीकेंडच्या पिझ्झाच्या बिलात येतो, आकडे मोबाइलवर दिसतात.

आकडे जुळले, तर मग बाकीचे संशयित. थ्रॉटल बॉडीवर काजळी बसलेली असू शकते. ती साफ करणं हे तासाभराचं काम. साधे प्लग साधारण ३०-४० हजार किलोमीटरनंतर थकतात, आणि गार इंजिनात आधी तेच उघडे पडतात. रबरी व्हॅक्यूम पाइप थंडीत कडक होऊन तडीतून जादा हवा खेचतात, गरम झाले की जरा सैलावतात. व्हॉल्व्हच्या मागे जमलेला कार्बन तर स्पंजसारखा थोडं पेट्रोल स्वतःच पितो. पंपावर संशय घ्यायचा असेल तर खंबाटकी घाट चढून बघा. पंप खरंच दमला असेल तर तो गरम इंजिनातही दम तोडेल, फक्त सकाळी नाही.

सीएनजीवाल्यांनो, तुमची केस थोडी वेगळी. बहुतेक गाड्या सकाळी पेट्रोलवर चालू होतात आणि इंजिन कोमट झालं की गॅसवर जातात. टाकीतलं पेट्रोल चार महिने जुनं असेल, तर सकाळचा रुसवा तिथूनच येतोय का हे आधी बघा. आणि आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला वाफ व्हायला जास्त उष्णता लागते. त्यामुळे जुन्या गाडीतला लपलेला दोष थंडीत जरा लवकर बाहेर येतो. पण सगळं खापर इथेनॉलवर फोडून प्लग न बदलणारेही मी पाहिलेत!

तर गॅरेजला गाडी सकाळी नेऊ नका, आदल्या संध्याकाळी सोडा. जॉबकार्डवर ‘पिकअप नाही’ एवढंच लिहू देऊ नका. ‘फक्त गार इंजिनात, पहिली पाच मिनिटं, हलका अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर’ असं लिहून घ्या. मुलगी बोलतेय म्हटल्यावर काही सुपरवायझर हसतात, हसू द्या. सकाळी स्वतः जा, सेल्फ मारायच्या आधी स्कॅनर लावायला सांगा आणि पहिली राउंड मेकॅनिकला शेजारी बसवून तुम्हीच मारा. पार्ट बदललाच, तर जुना डिकीत टाकून मागा.