शाळेनेच मुलाकडे जावे

जून महिना आला की गिरगावातील चाळींपासून परळ-लालबागच्या वस्त्यांपर्यंत घरोघरी दप्तरे, रेनकोट आणि पाण्याच्या बाटल्या यांची खरेदी सुरू होते. याच चाळींत काही घरे अशीही असतात की, जेथे हा विषय कोणी काढीत नाही. तेथील चार वर्षांचे मूल हाक मारली तरी वळून पाहत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नाही, खेळण्यातल्या मोटारीचे एकच चाक तासन्‌तास फिरवीत बसते, आणि गणपतीच्या दिवसांत खाली ढोल वाजू लागले की कानांवर हात घट्ट दाबून कोपऱ्यात शिरते. या अवस्थेस आपण स्वमग्नता म्हणतो. अशा मुलाच्या पहिल्या शिक्षणाचा भार कोणी उचलावयाचा, या प्रश्नाला या शहराने अद्याप सरळ उत्तर दिलेले नाही. ते आता दिले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

'स्वमग्न' हा शब्दच थोडा फसवा आहे. तो ऐकून असे वाटते की, हे मूल जगाकडे पाठ फिरवून आपल्याच आनंदात गुंग आहे. वस्तुतः त्याला माणसे हवी असतात. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची जी वाट इतर मुलांना न शिकवता सापडते, ती त्याला शिकवावी लागते. 1943 साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अशा 11 मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे कित्येक वर्षे आईच्या कोरडेपणामुळे मूल असे होते, असा निर्दय सिद्धांत प्रतिष्ठा मिरवीत होता. शास्त्राने तो केव्हाच टाकून दिला. चाळीच्या गॅलरीत मात्र तो अजून ऐकू येतो. 'आईने फार लाड केले', 'घरात कोणी बोलतच नाही, मग पोर तरी कसे बोलणार', हे त्याचेच अवतार होत.

याहून घातक असा एक दिलासा आहे. 'बोलेल उशिरा, त्याचा काकाही उशिराच बोलला', असे म्हणणारी वडीलधारी मंडळी प्रेमानेच बोलतात; पण त्या प्रेमापोटी मुलाची दोन वर्षे वाया जातात. आणि ही वर्षे साधी नव्हेत. मेंदूची घडण वेगाने होत असते त्या वयात शिक्षण सुरू झाले, तर संवाद, खेळ आणि स्वतःची कामे स्वतः करणे या तिन्ही बाबतींत मुलाला अधिक साधता येते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. 1995 च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ते प्रथम घेतले आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारांत त्याला स्थान दिले. या कायद्यानुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. पण तो 6 ते 18 या वयासाठी. म्हणजे ज्या वर्षांत शिकवण्याचे सर्वाधिक चीज होते, नेमकी तीच हक्काबाहेर राहिली. लहान मुलांच्या तपासणीची राष्ट्रीय योजना 2013 साली आपल्याच पालघरहून सुरू झाली, आणि अंगणवाड्यांसाठी दिव्यांग बालकांविषयीची कार्यपद्धतीही 2023 साली जाहीर झाली, हे आम्ही नाकारीत नाही. पण योजना असणे वेगळे आणि आईने दाद मागावी असा हक्क असणे वेगळे.

सहाव्या वर्षानंतर तरी सर्व सुरळीत होते काय? प्रवेश उघडपणे नाकारण्याचे धाडस काही शाळा करीत नाहीत. त्या 'शॅडो टीचर' स्वखर्चाने आणण्यास सांगतात. पगारावर घर चालविणाऱ्या माणसाला हा नकारच असतो. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली प्राथमिक वर्गांसाठी विशेष गरजा असलेल्या 10 मुलांमागे 1 विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितले, आणि 2025 साली राज्यांना ही पदे निश्चित करून भरण्यास बजावले. एकाच आदेशासाठी न्यायालयाचे दार पुनःपुन्हा ठोठवावे लागते, यात शासनाची अनास्था दिसते.

दोष मात्र केवळ शासनाचा नव्हे. आम्ही स्वतः एके काळी हातात खडू घेऊन वर्गात उभे राहिलो आहोत. एक मुलगा आमचे प्रश्न आम्हांलाच परत ऐकवीत असे. आम्ही त्याला उद्धट समजून शेवटच्या बाकावर बसविले. ऐकलेले शब्द जसेच्या तसे उच्चारणे हाच त्याचा बोलण्याचा प्रयत्न होता, हे आम्हांला फार उशिरा कळले.

'साठ मुलांच्या वर्गात या एकाकडे कोण पाहणार?' असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. परंतु या मुलाला जे लागते, ते पुष्कळसे साधे असते: दिवसाचा क्रम दाखविणारी चित्रे भिंतीवर लावणे, एका वेळी एकच सूचना थोडक्या शब्दांत देणे, गोंगाट असह्य झाल्यास बसावयास शांत कोपरा ठेवणे, शब्द नसेल तेथे चित्राकडे बोट दाखवून मागता येणे. यातील बहुतेक गोष्टींनी उरलेल्या एकोणसाठांचेही भलेच होईल.

बालशिक्षणाचा उगम तरी कोठे आहे? डॉ. मारिया माँटेसरी यांनी रोममध्ये आपली साधने प्रथम वापरली, ती 'मंद' म्हणून बाजूला काढलेल्या मुलांसाठी. 1907 चे त्यांचे बालगृह त्यानंतरचे. तीच विद्या ताराबाई मोडक यांनी 1936 साली दादरच्या शिशुविहारात आणली. पुढे त्या बोर्डी-कोसबाडला गेल्या. तेथील आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शाळाच त्यांच्या अंगणात आणि गुरे चरतात त्या कुरणात नेली. मुलाने शाळेला लायक व्हावे, ही अट त्यांनी घातली नाही. दादरच्या या वारशावर स्वमग्न मुलाचा हक्क इतरांहून कणभरही कमी नाही.

शिवडीची जय वकील संस्था 1944 पासून आणि 'उम्मीद' हे बालविकास केंद्र 2001 पासून या शहरात काम करीत आहे. पण दोन-चार संस्थांच्या खांद्यांवर साऱ्या महानगराचा भार टाकणे ही जबाबदारी झटकण्याचीच सभ्य रीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 सालच्या अंदाजानुसार 127 माणसांमागे 1 स्वमग्न असतो. म्हणजे असे मूल प्रत्येक मोठ्या शाळेच्या परिसरात आहेच.

म्हणून आमची मागणी मोजकी आहे. महापालिकेच्या प्रत्येक बालवाडीतील शिक्षिकेस ही लक्षणे ओळखण्याचे आणि असे मूल वर्गात सांभाळण्याचे शिक्षण मिळावे. प्रत्येक प्रभागात फिरता विशेष शिक्षक असावा, आणि त्याने मुलाशी घरच्या भाषेत, म्हणजे लालबागेत बहुधा मराठीतच, बोलावे. मोफत शिक्षणाच्या हक्काचे वय सहावरून तीनवर आणावे. पुढच्या जूनमध्ये आज गप्प असलेल्या त्या घरांतूनही एखादे दप्तर विकत घेतले गेले, तर या शहराने आपले कर्तव्य करावयास प्रारंभ केला, असे आम्ही समजू.