थर वाळू द्यावा

थरांनी घडवलेले तैलचित्र एका बैठकीत पूर्ण होत नाही. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतील प्राणवायू शोषून ते हळूहळू घट्ट होते. म्हणून चित्रकार आधी कमी तेलाचा थर देतो, तो वाळू देतो आणि मगच अधिक तेलाचा थर चढवतो. हा क्रम मोडला, तर खालचा ओला थर नंतर वाळताना हलतो आणि वरच्या थराला भेगा पडतात. लिओनार्दो दा विंचीने सुमारे १५०३ मध्ये आरंभलेली ‘मोनालिसा’ अनेक वर्षे त्याच्यापाशीच होती. तिच्या मुखावरील छाया अतिशय पातळ थरांनी साकारली आहे.

श्रावकाच्या साधनेलाही असाच क्रम आहे. तिच्या ११ पायऱ्यांना ‘प्रतिमा’ असेच नाव आहे. पहिली दर्शन, दुसरी व्रत, तिसरी सामायिक; शेवटची उद्दिष्टत्याग. पुढची प्रतिमा स्वीकारताना मागची सुटत नाही. तिच्याच आधारावर पुढची उभी राहते.

दशलक्षण पर्वात उत्साहाने १० उपवास होतात आणि पारण्याच्याच दिवशी क्षुल्लक कारणावरून सुनेला किंवा मुलाला कठोर शब्द ऐकावे लागतात. दोष उपवासाचा नसतो. खालचा थर ओला राहिलेला असतो. या पर्वाचा पहिला दिवस उत्तम क्षमेचा आहे, तो उगाच नव्हे. नव्या व्रताचा संकल्प करण्यापूर्वी आधीचे व्रत स्वभावात कितपत मुरले, हे साधकाने घरातील माणसांच्या चेहऱ्यांवर वाचावे.