मिनिटे मोजणारे निदान

संत्रा-मोसंबीचा ‘ग्रीनिंग’ रोग आता काही मिनिटांत ओळखता येईल, अशा बातम्यांचे विज्ञानप्रेमी मंडळी टाळ्या वाजवून स्वागत करतात. निदानाला उशीर यंत्रामुळे होतो, हे मात्र त्यात गृहीतच धरलेले असते.

‘कँडिडेटस लिबेरिबॅक्टर एशियाटिकस’ हा जीवाणू झाडाच्या रसवाहिन्यांत राहतो आणि प्रयोगशाळेत त्याचे शुद्ध संवर्धन दुरापास्त आहे (‘कँडिडेटस’ हे उपपद त्याचीच कबुली). म्हणून निदान डीएनएवर विसंबते. पीसीआरला तापमान सतत वरखाली करणारे यंत्र लागते. ‘लॅम्प’ पद्धत ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या स्थिर तापमानावर तासाभरात उत्तर देते. हे यश निर्विवाद आहे.

परंतु हा जीवाणू झाडात सर्वत्र सारखा पसरलेला नसतो. एका फांदीत तो मुबलक असतो, तर शेजारच्या फांदीत सापडतही नाही. लागणीनंतर लक्षणे दिसायला महिने, प्रसंगी वर्षे जातात. दिसतात तीही जस्ताच्या कमतरतेसारखी. पान चुकीच्या फांदीचे निवडले, तर सर्वांत चपळ यंत्रही रोगी झाडाला निरोगी ठरवील. शुद्ध डीएनएच्या द्रावणावर मोजलेली संवेदनशीलता बागेतील झाडाला लागू होत नाही. प्रसिद्धिपत्रके नेमका हाच फरक गिळून टाकतात.

उलट चूकही स्वस्त नाही. समजा, हजार झाडांत दहा रोगी आहेत आणि चाचणी दोन्ही बाजूंनी ९५ टक्के अचूक आहे. नऊ-दहा रोगी झाडे सापडतील, पण त्यांच्यासोबत सुमारे पन्नास निरोगी झाडेही दोषी ठरतील. त्यांवर कुऱ्हाड चालवायची, तर भरपाई कोण देणार?

फ्लोरिडात हा रोग २००५ मध्ये आढळला. पीसीआरची तेथे वानवा नव्हती. तरीही दोन दशकांत संत्र्याचे उत्पादन ९० टक्क्यांहून अधिक घसरले.

सिट्रस सिला ही कीड रोग बागेत पसरवते. दूरच्या जिल्ह्यांत तो पोहोचतो मुख्यतः रोगट कलमांतून. एका मातृवृक्षाचे डोळे शेकडो कलमांवर चढतात. म्हणजे चाचणीची खरी जागा रोपवाटिकेत आहे: प्रत्येक मातृवृक्षाच्या अनेक फांद्यांवर, ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा, आणि तीही कीटकरोधक जाळीगृहात. हे काम कंटाळवाणे आहे, त्याची बातमी होत नाही. पण कलम विकत घेणाऱ्या शेतकऱ्याला फसगत कळते ती बाग फळावर येण्याच्या सुमारास, आणि तोवर पावतीसुद्धा हरवलेली असते.