मान राखून

रविवारी सकाळी साडेसहाला मी पुन्हा बॅडमिंटन कोर्टवर उभी राहिले. तब्बल नऊ महिन्यांनी! तीच रॅकेट, तोच ग्रुप, तीच उशिरा येणारी मंडळी. फरक एवढाच, की आता माझ्या मानेत टायटेनियमची एक पट्टी आणि चार स्क्रू आहेत.

"जपून गं," म्हणत आमच्या ग्रुपमधल्या दादानं पहिलं शटल असं टाकलं, जणू समोर बालवाडीतली पोर आहे. असा राग आला म्हणून सांगू!

तर त्याचं असं झालं. आधी उजव्या हाताला मुंग्या यायच्या. मग अंगठा बधिर व्हायला लागला. एक दिवस ऑफिसात कॉफीचा मग हातातून सुटला, तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेले. एमआरआय सांगत होता, मानेच्या सात मणक्यांपैकी पाचव्या-सहाव्यामधली डिस्क सरकून नस दाबली गेलीय. गोळ्या झाल्या, फिजिओ झालं. पण हातातली ताकदच कमी व्हायला लागली आणि ऑपरेशन ठरलं.

"दुखणं मानेचं आणि टाके गळ्यावर?" आईला कोडं पडलं. पण पुढून गेलं की मज्जारज्जूला धक्का न लावता डिस्कपर्यंत पोचता येतं. डिस्क काढायची, तिथे स्पेसर बसवायचा आणि दोन मणके कायमचे जोडायचे. दुसऱ्याच दिवशी मला चालवलं. घसा दुखायचा, आवाज घोगरा झालेला. आठवडाभर वरण-भात कालवून खाल्ला. पण हाताची कळ गेली होती! मला वाटलं, झालं, मी बरी झाले.

इथेच माती खाल्ली. सातव्या आठवड्यात ऑफिसात कूलरचा जार रिकामा होता. कुणी बदलेल तर शपथ! म्हटलं, आपणच लावू. वीस लिटरचा जार जेमतेम गुडघ्यापर्यंत उचलला आणि हाताला पुन्हा त्याच मुंग्या. रात्रभर झोप नाही. सकाळी एक्स-रे काढला. सगळं जागच्या जागी होतं, नशीब माझं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "पट्टी नुसता आधार देते. जोडायचं काम हाड करतं, त्याला महिने लागतात. हाड तुमची डेडलाइन पाळत नाही."

मग मात्र मुकाट्यानं पहिलीपासून सुरुवात. आधी नुसतं चालणं. मग हनुवटी आत घेण्याचे आणि खांद्यामागच्या स्नायूंचे व्यायाम. ते इतके बोअर, की त्यापेक्षा अप्रेझल मीटिंग बरी. मग जिममधली जागच्या जागी चालणारी सायकल. पाचव्या महिन्यात पर्वतीच्या १०३ पायऱ्या, मध्ये दोनदा थांबून. सातव्या महिन्यात रॅकेट हातात, पण शटलशिवाय! घरचे हसून हसून दमले.

त्या दिवसांत पेटन मॅनिंगबद्दल वाचलं. अमेरिकन फुटबॉलमधला हा मोठा क्वार्टरबॅक. २०११ मध्ये त्याच्याही मानेचे मणके जोडले गेले आणि तो अख्खा सीझन बुडाला. त्याचा चेंडू पहिल्यासारखा लांब जाईना. मग त्यानं आपला खेळ बदलला. फेकीत जे कमी पडलं, ते अंदाजानं आणि वेळ साधून भरून काढलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, तो सुपर बोल जिंकला. आपण कुठे, तो कुठे! पण मुद्दा डोक्यात बसला. 'परत येणं' म्हणजे 'पहिल्यासारखं होणं' नव्हे.

माझी ग्रुपमधली ओळख काय, तर स्मॅश. आणि स्मॅशसाठी मान मागे टाकून वर बघावं लागतं. खेळायला हिरवा कंदील मिळाला, पण ही एक गोष्ट फिजिओनं अजून लांब ठेवलीय. म्हणून आता मी नेटजवळ खेळते.

रविवारी १७-२० असताना एक शटल उंच, अगदी माझ्या डोक्यावर आलं. हात आपोआप वर गेला. एक सेकंद... आणि मी ओरडले, "तुझं!" पार्टनरनं ते नेटमध्ये घातलं. गेम गेला. दादा काहीच बोलला नाही, पण पुढच्या गेमला त्यानं शटल माझ्याकडे दणकून मारलं. मला कोण आनंद झाला!

सोमवारी उठल्याबरोबर आधी अंगठा चाचपला. मुंग्या नव्हत्या. त्या गेमपेक्षा हा स्कोअर मोठा.

तुमच्या हाताला सतत मुंग्या येत असतील तर 'झोपेत हात दबला असेल' म्हणून ढकलू नका. वस्तू हातातून सुटायला लागल्या, चालताना तोल जायला लागला, तर लगेच डॉक्टर गाठा. आणि हो, ऑफिसातला तो जार दोघांनी मिळून उचला.