घोडं कुणाच्या चाऱ्यावर पळालं?



परवा पुतण्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. घोड्यानं जग कसं बदललं, असा विषय. सिकंदर होता, चंगेजखान होता, आपलं मराठा घोडदळ होतं. तलवारी, टापा, धुरळा. पण अख्ख्या व्हिडिओत कडब्याची एक पेंढी दिसली नाही. ते खटकलं, म्हणून लिहितोय.

आज जगात जी पाळीव घोडी आहेत त्यांचं मूळ सुमारे 4200 वर्षांपूर्वी व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या गवताळ मुलखात सापडतं. तिथं नजर पोहोचेल तिथवर गवत. आपल्याकडं चार महिने हिरवं, बाकी आठ महिने साठवलेलं. म्हणून दख्खनच्या राजांना चांगली घोडी अरबस्तान-इराणातून जहाजानं आणावी लागायची. चौल, दाभोळ, गोवा ही त्याची बंदरं. पैसे देऊन घोडं मिळालं, पण त्याला पोसायचं होतं इथल्याच वावरानं.

युरोपात घोडं नांगराला लागलं, आपल्याकडं बैलच राहिला. याचं कारण शेतकऱ्याला सांगायला नको. बैलाचं जू वशिंडापुढं बसतं. घोड्याला वशिंड नाही. गळ्याला पट्टा आवळून ओढायला लावलं तर त्याचा दम कोंडतो. खांद्यावर टेकणारी जाड गादी तिकडं वापरात आली, तेव्हा घोडं जड नांगर ओढायला लागलं. दुसरं कारण पोटाचं. बैल रवंथ करतो, कडब्यावर बराच काळ निभावतो. घोडं रवंथ करत नाही. राबणाऱ्या घोड्याला चाऱ्यावर चंदी लागते, आणि चंदी म्हणजे बहुतेक हरभरा. म्हणजे माणसाच्या ताटातलंच.

आता जरा हिशोब करू. 300 किलोचं घोडं धरा. वजनाच्या 2 टक्के कोरडा चारा म्हटलं तर दिवसाला 6 किलो. एक हजार घोड्यांना दिवसाला 6 टन. पावसाळ्याच्या 120 दिवसांच्या छावणीला 720 टन. चंदी वेगळीच. हा चारा कुणी कापला, कुणी बांधला, कुणी रचला?

शिवाजी महाराजांना हा हिशोब पक्का ठाऊक होता. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणकडच्या छावणीतल्या फौजेला त्यांनी पत्र लिहिलं. त्याचा मतलब असा की दाणा-वैरण आत्ताच बेफिकिरीनं उडवाल तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्याचा दाणा, गवत, भाजी उचलायला लागाल, आणि त्या कुणब्याला तुम्ही मोगलांपेक्षा वाईट वाटाल. उंदरानं दिव्याची पेटती वात गवतात नेली तर गंजी जळतील, इथपर्यंत बारकावा त्या पत्रात आहे. गंजी राखलेल्या माणसाला हे वाचून बरं वाटतं.

आणि हिशोब चुकला की काय होतं ते पानिपतावर दिसलं. 14 जानेवारी 1761 च्या लढाईआधी कित्येक दिवस रसद तुटली होती. माणसं उपाशी, घोडी उपाशी. त्या दिवशी मैदानात उतरलं ते खंगलेलं घोडदळ होतं.

लांब कशाला, नाशिकचंच घ्या. 1889 साली बांधलेली ट्राम जुन्या नाशकातून नाशिकरोड स्टेशनपर्यंत जायची. सुरुवातीला ती चार घोडे ओढायचे. ते घोडे काय खात असतील? आसपासच्या गावांतलंच गवत. ट्राम लोकांना आठवते, गवताचे भारे कुणाला आठवत नाहीत.

हे सगळं आज का सांगतोय? 2024 च्या सुरुवातीला भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली. आनंद आहे. पण ही जात टिकवली कुणी? मराठ्यांच्या पागा मोडल्यावर ही छोटी, काटक घोडी धनगरांच्या वाड्यात राहिली. पाठीवर बिऱ्हाड, कोंबड्या, नुकती व्यायलेली कोकरं घेऊन फिरत राहिली. पुणे, सातारा, सोलापूर, नगरकडं ती जास्त. आमच्याकडं येणाऱ्या धनगर-ठेलारींची घोडी सगळी जातिवंत असतील असं म्हणत नाही. पण त्यांची सोय तीच आहे: गवत, बांध आणि पडीक रान.

मागच्या उन्हाळ्यात कांदा काढल्यावर मी वावरात मेंढ्यांचा वाडा बसवला. म्हाताऱ्या धनगरबाबांना सहज विचारलं, "बाबा, आता एक पिकअप घ्या ना, घोडी कशाला?"

ते हसले. "दादा, पिकअपला डिझेल लागतं. घोडीला तुमचा बांध पुरतो. पण बांध ठेवलाय कुठं तुम्ही?"

खरं सांगतो, उत्तर सुचलं नाही. तो बांध मीच दोन वर्षांपूर्वी ट्रॅक्टरनं कोरून अर्धा केला होता. उरलेल्यावर तणनाशक मारलं होतं.

वाडा नको म्हणणाऱ्यांचंही खरं आहे. एक कांदा निघाला की दुसऱ्याची तयारी, रान मोकळं राहातच नाही. द्राक्षाच्या बागेशेजारी फवारणीचा धोका असतो. घोडी सुटली तर उभं पीक तुडवते. हे मी नाकारत नाही. पण गायरानं कुंपणात गेली, बांध गेले, ज्वारी सोडून मका-सोयाबीन आलं आणि कडबा गेला. मग जातीची नोंद करून तिला खायला काय घालायचं? कागद?

माझं म्हणणं एवढंच. ज्याला जमेल त्यानं वर्षातून आठ-पंधरा दिवस एखादं रान वाड्याला द्यावं, खत आपल्यालाच मिळतं. फवारणी केली असेल तर आधी सांगावं. रब्बीत घरापुरती का होईना मालदांडी पेरावी, म्हणजे दाणा आणि कडबा दोन्ही होतील. बांधावर मारवेल लावावं. आणि कृषी खात्यातले जे कुणी हे वाचतायत त्यांना विनंती, जनावराची जात मोजता तसं गावोगावचं चराऊ रानही मोजा.

मी यंदा कोरलेला बांध परत भरून घेतलाय. मारवेलाचे ठोंब पहिल्या पावसात लावणार. बाबा परत आले तर दाखवायला काहीतरी पाहिजे.

तुमच्याकडं अजून वाडा बसतो का? कोणत्या महिन्यात, आणि घोडी किती असतात? जरूर सांगा.