पोट लहान झाले, ताट कधी होणार?



वजन घटविण्याची शस्त्रक्रिया हा विषय काही वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या घरांत दबक्या आवाजात बोलला जाई. आता तसे राहिलेले नाही. बेसा परिसरात सकाळी फिरायला निघालो की ओळखीच्या मंडळींत कोणाच्या तरी मुलाची, सुनेची किंवा व्याह्यांची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे कानी येते. ती करावी की नाही, हा निर्णय डॉक्टरांचा आणि रुग्णाचा. परंतु ती झाल्यानंतर रोज काय, किती आणि कसे खावे, हा प्रश्न रुग्णासोबत घरी येतो आणि तो घरच्या स्वयंपाकघरालाच सोडवावा लागतो. या वेळी त्याविषयी थोडे.

या शस्त्रक्रियेचे आपल्याकडे दोन प्रकार अधिक प्रचलित आहेत. स्लीव्ह प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. बायपास प्रकारात जठराच्या वरच्या टोकाशी एक लहानशी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्हींत थोडक्या अन्नाने पोट भरते. स्लीव्हमध्ये भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक जेथे मुख्यतः तयार होते, तो भागच निघून जातो. त्यामुळे पहिले वर्षभर भूकही मंद असते.

पुढे काय होते, याचा दीर्घ हिशोब स्वीडनमध्ये ठेवला गेला. १९८७ साली सुरू झालेल्या तेथील मोठ्या पाहणीत बायपास केलेल्यांचे वजन एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के घटले. दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे लाभ टिकला, पण काही वजन परत आले. बँकेत थकलेल्या कर्जाची पुनर्रचना होते तेव्हा हप्ता लहान होतो. परंतु कर्जदाराचा खर्चाचा हात तसाच सैल राहिला, तर तेच खाते पुन्हा थकबाकीत जाते. शस्त्रक्रियेचेही तसेच आहे. ती हप्ता लहान करून देते, हात आवरणे आपल्याकडेच राहते.

आपल्या नागपूरचेच उदाहरण सर्वांसमोर आहे. खासदार नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली. त्यांची खवय्येगिरी सर्वश्रुत आहे. २०२२ साली उज्जैनच्या जाहीर सभेत त्यांनी स्वतःच सांगितले, की पूर्वी आपले वजन १३५ किलो होते, ते आता ९३ किलो आहे. यातील मोलाची गोष्ट मला किलोंपेक्षा मधली अकरा वर्षे वाटते.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे येऊ. शस्त्रक्रियेनंतर पातळ, मग घोटलेले, मग मऊ अशा पायऱ्यांनी साधारण दीड-दोन महिन्यांत नेहमीचे जेवण सुरू होते. तेव्हापासून दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत, असे आहारतज्ज्ञ सांगतात. शाकाहारी घरात हे सोपे नाही. १०० ग्रॅम कोरड्या मूगडाळीत सुमारे २४ ग्रॅम, तेवढ्याच पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम आणि एक पेला दुधात सहा-सात ग्रॅम प्रथिने असतात. म्हणून ताटातला क्रम बदलावा लागतो. आधी घट्ट वरण, उसळ, पनीर किंवा दही, मग भाजी, पोळी-भात जागा उरली तर.

खरा धोका मात्र जेवणात नसून दोन जेवणांच्या मधल्या वेळेत आहे. उसळीने पोट चटकन भरते. खाकरा, शेव, शिरा, रबडी, आमरस ही मंडळी मात्र त्या अरुंद नळीतून निमूटपणे पुढे सरकतात आणि पोट भरल्याची जाणीवही होऊ देत नाहीत. बायपास झालेल्यांना गोड जास्त झाले तर धडधड, घाम, जुलाब असा त्रास होतो, तेव्हा त्यांना इशारा तरी मिळतो. स्लीव्हवाल्यांना बहुधा तोही मिळत नाही.

आमच्या पुतण्याच्या पत्नीची स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. पहिल्या वर्षी वजन उत्तम उतरले. दुसऱ्या वर्षी सात किलो परत आले. घरात कुजबुज सुरू झाली, की हिचा स्वतःवर ताबा नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी आठवडाभर प्रत्येक घास लिहून ठेवायला सांगितला. वही भरली तेव्हा दिसले, की जेवण अगदी मोजके होते. पण मुलांच्या डब्यातले उरलेले, देवळातून आल्यावरचा फराळ आणि वहिनींनी प्रेमाने पुढे केलेली वाटी यांची बेरीज जेवणापेक्षा मोठी होती. वही वाचून वहिनी एवढेच म्हणाल्या, "मग डबे मीच बदलते." फरसाणाच्या जागी भाजलेले चणे आले, संध्याकाळच्या फराळाला मूगडाळीचे धिरडे आले, आणि ते सगळ्यांसाठीच आले. सात किलोंपैकी पाच पुन्हा उतरले आहेत. शिस्त एकीची आणि चैन बाकीच्यांची, अशा घरात ही शस्त्रक्रिया टिकत नाही.

चौविहार पाळणाऱ्यांनी पाण्याचा हिशोब आधीच मांडावा. या रुग्णांना जेवणासोबत आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी वर्ज्य असते. तरीही दिवसाला किमान दीड लिटर हवे, तेही घोटघोट. डिसेंबरात नागपूरला सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. नवकारसीनंतर जेमतेम दहा तास हाती उरतात. पाच लहान आहारांचे पाच तास वजा केले तर उरलेल्या पाच तासांत दर तासाला ३०० मिलिलिटर पाणी प्यावे लागते. जमते, पण घड्याळ लावूनच. आपल्या उन्हाळ्यात दीड लिटरही अपुरे पडते.

उपवासांचा प्रश्न याहून नाजूक आहे. अठाई किंवा दशलक्षणातले सलग उपवास अशा शरीराला निर्जलीकरण आणि जीवनसत्त्वांची कमतरता देऊ शकतात. ब-१२ तर शाकाहाऱ्यांत आधीच कमी असते. शस्त्रक्रियेनंतर त्याचे शोषण आणखी घटते. म्हणून ब-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांच्या सल्ल्याने जन्मभर घ्यावे लागते. तपाची इच्छा असेल तर शल्यविशारदांना विचारल्याखेरीज पाऊल उचलू नये. बाह्य तपांत अनशनाच्या लगोलग ऊनोदरी येते, आपले दिगंबर बांधव तिला अवमौदर्य म्हणतात. शास्त्रात पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घासांचा आणि स्त्रीचा २८ घासांचा मानला आहे. त्याहून कमी जेवून उठणे हे तप. रसपरित्यागही आहेच. आमच्या सुनेने गेल्या पर्युषणात तूप, साखर आणि तळणाचा त्याग केला. तिच्या तपाला कमी लेखणारे दोन-चार आवाज उठले. पण वहिनींनीच ते थांबवले.

शेवटी यजमानांसाठी एक विनंती. करणे, करवणे आणि अनुमोदणे या तिन्हींची जबाबदारी सारखीच, हे आपण प्रवचनांत ऐकतो. मग पंगतीत नको म्हणणाऱ्याच्या ताटात आग्रहाने वाढणे हे 'करवणे'च नव्हे काय? दोन घास जादा झाले तर या रुग्णांना छातीत दाटून येते आणि उलटी होते. त्यांनी अर्धी वाटी घेतली तर अर्धीच वाढावी, ताटात उरणार नाही इतकीच वाढावी, आणि 'का बरे एवढेसेच?' असे चारचौघांत विचारू नये. पाहुणचार त्यानेही पूर्ण होतो.